केबल नको, यू-लॉकच घ्या
नव्या गिअरच्या सायकलला नंबरचं केबल कुलूप पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. माझी सायकल सोसायटीच्या पार्किंगमधून गेली तेव्हा खांबापाशी केबलचे दोन तुकडे तेवढे पडले होते. जाड दिसते ती वरची प्लास्टिकची नळी. आतली तार बारीकच असते, कटरने लगेच तुटते.

यू-लॉक घ्या, म्हणजे इंग्रजी U आकाराच्या दांड्याचं कुलूप, कडक पोलादाचा, दांडा निदान १३ मिमी जाड. आकाराने लहान बरा, आत पहार घालायला जागाच उरत नाही. खांब, फ्रेम आणि मागचं चाक एकत्र अडकवा. नुसतं पुढचं चाक कधीच बांधू नका. क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय हाताने चाक काढायची खिट्टी असेल तर चाक जागेवर राहतं आणि सायकल जाते. आणलेली केबल त्या पुढच्या चाकाला वापरा.

किल्ली चपटी बघा. गोल नळीसारख्या किल्लीची कुलुपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे २००४ साली उघड झालं, आणि क्रिप्टोनाइटसारख्या नावाजलेल्या कंपनीला ती बदलून द्यावी लागली.

पावसाळ्यात किल्लीचं भोक खालच्या बाजूला येईल असं लावा, आत पाणी साचत नाही.