मदत हवी आहे: आधी कोरलेल्या प्लेटवर दुसरा ग्राउंड (द्रावणापासून प्लेट वाचवणारा मेणाचा थर) कसा द्यावा?

अठराव्या शतकातला इटालियन एचिंगकार पिरानेसी याच्या ‘कार्चेरी’ मालिकेतल्या काल्पनिक तुरुंगांच्या धर्तीवर तांब्याच्या प्लेटवर एचिंग (द्रावणाने रेषा कोरून त्यातून छापणं) चालू आहे. पहिल्या आवृत्तीत, १७५० च्या सुमारास, त्याच्या रेषा मोकळ्या आणि फिकट होत्या. १७६१ मध्ये त्याने त्याच प्लेटांवर पुन्हा काम करून नवे जिने, तुळया घातल्या आणि सावल्या काळ्याकुट्ट केल्या. रेषांना तेवढा खोलपणा एका बाइटमध्ये (द्रावणात एकदा ठेवून) येणं शक्यच नाही, म्हणून दुसरा ग्राउंड द्यायचाय.

अडचण अशी: हार्ड ग्राउंड पातळ लावला की जुन्या खोल रेषांच्या कडांवर तो ताणला जातो, तिथून फेरिक क्लोराइड (तांबं खाणारं द्रावण) शिरतं आणि कड तुटते. जाड लावला तर जुन्या रेषा दिसेनाशा होतात, आणि सुई फिरवताना त्याचे टवके उडतात. दाट क्रॉसहॅचिंगमध्ये (एकमेकींना छेदणाऱ्या रेषांमध्ये) तर दोन रेषांमधलं तांबंच खचतं. तिथे शाई टिकत नाही, काळ्याऐवजी करडा डाग छापला जातो.

प्लेट टर्पेंटाइन, मग खडूपूड आणि अमोनियाने साफ केलेली आहे. बाइट प्लेट पालथी ठेवून देतो, म्हणजे गाळ रेषेत बसत नाही.

रोलरने दोन पातळ थर द्यावेत, की प्लेट गरम करून डॅबरने (ग्राउंड थोपटून पसरवायच्या गोळ्याने)? पारदर्शक ग्राउंड कोणी वापरलाय का? मेणाचं प्रमाणही सांगा.