काचेखालच्या नंबरावर पट्टी मारून चोर थांबतो का?

सर्किटराव (धागाकर्ता)
काल गाडीच्या सुरक्षेवर बोलताना वज्रमूठ यांनी ठोकून दिलं की, पुढच्या काचेखाली दिसणारा चेसिस नंबर हाच चावीचा पासवर्ड असतो, त्याचा फोटो मिळाला की कुणीही घरबसल्या तुमची चावी प्रोग्राम करतो, तेव्हा आजच त्यावर काळी चिकटपट्टी मारा. खाली ‘धन्यवाद, लगेच मारतो’ म्हणणाऱ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, जमलं नाही, म्हणून वेगळा धागा.

आधी नंबर. एकूण १७ अक्षरं-आकडे. पहिल्या तिनांत उत्पादक, मग बॉडी, इंजिन वगैरे वर्णन, शेवटी त्या गाडीचा अनुक्रमांक. आय, ओ आणि क्यू वापरतच नाहीत, कारण १ आणि ० शी गफलत होते. उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांत नववी जागा पडताळणीची: प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, प्रत्येक जागेला ठरलेला भार, गुणाकारांच्या बेरजेला ११ ने भागायचं आणि उरेल ती बाकी तिथे लिहायची, बाकी १० आली तर एक्स. तिथेच दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं, आणि ते ३० वर्षांनी फिरून येतं, म्हणून ए म्हणजे १९८० ही आणि २०१० ही. संपला ऐवज. चावीचे दात यात नाहीत, चिपचं गुपित नाही, नवी चावी जोडताना गाडी मागते तो गुप्त आकडा, म्हणजे पिन, तोही नाही.

आता चावी. इग्निशनच्या भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. ते १२५ किलोहर्ट्झच्या आसपास लहरी सोडतं, त्याच ऊर्जेवर चावीतली चिप जागी होते. तिला सेल लागत नाही. सेल लागतो तो दार उघडणाऱ्या रिमोटला, आणि तो ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलणारा निराळाच भाग आहे. गाडी चिपला एक यादृच्छिक संख्या देते, चिप स्वतःजवळच्या गुपितानं तिचं उत्तर काढते, उत्तर जुळलं तरच इंजिनाला सुरू होण्याची परवानगी. ‘चावी प्रोग्राम करणं’ म्हणजे बहुतेक वेळा चावीत काही भरणं नव्हे, गाडीला ‘हीही आपलीच’ असं सांगणं. त्यासाठी गाडीत बसावं लागतं, डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला, यंत्र जोडावं लागतं, बऱ्याच गाड्यांत पिन लागतो.

घरबसल्या म्हणे! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वज्रमूठ
व्याख्यान छान. आता जमिनीवर या. २०१७ मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी एका मोटरसायकल टोळीवर आरोपपत्र ठेवलं. सॅन दिएगो भागातून दीडशेहून जास्त जीप रँग्लर उचलून सीमेपलीकडे नेल्याचा आरोप. त्यांची पहिली पायरी कोणती माहीत आहे? आधी येऊन गाडीचा चेसिस नंबर टिपायचा. त्या नंबरावरून डेटाबेसमधून चावीचे कोड मिळवायचे, डुप्लिकेट चावी कापायची, मग रात्री येऊन हातातल्या यंत्रानं चिप गाडीला ओळखवून द्यायची.

आता सांगा, आग कुठे आणि बंब कुठे. नंबरात चावी नसेल, नंबरावरून चावी मिळते. मालकाच्या दृष्टीनं फरक काय?

सर्किटराव
फरक असा की त्या टोळीला नंबरावरून कोड काढून देणारा डेटाबेस हाताशी होता. तो नसता तर नंबर म्हणजे नुसता नंबर. आणि तोच नंबर दाराच्या चौकटीवर असतो, कागदपत्रांवर असतो, सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर असतो, गाडी विकायला काढली की जाहिरातीतल्या फोटोतही असतो. कुठेकुठे पट्टी मारणार?

ठीक, रस्त्यावर उभ्या रँग्लरसाठी तुमच्या पट्टीला अर्धा गुण. तो घ्या आणि खूश राहा.

वज्रमूठ
अर्धा गुण देणारे आपण कोण? परीक्षक?

किल्लीकाका
या धंद्यात केस पांढरे झाले म्हणून बोलतो. दोघंही अर्धंच सांगताय.

सर्किटराव, ‘चावीत काही भरायचं नसतं’ हे सरसकट खरं नाही. काही युरोपीय कंपन्यांची चावी गाडीचा नंबर देऊन मागवावी लागते आणि ती त्या एका गाडीपुरतीच तयार होऊन येते. बाहेरून कोरी चावी आणून तिथे भागत नाही. उलट काही फोर्डमध्ये आधीच्या दोन चालू चाव्या हातात असल्या की तिसरी मालक स्वतः जोडू शकतो, यंत्राशिवाय. एकच चावी उरली की बसा. टोयोटाच्या काही जुन्या गाड्यांत काळी मास्टर आणि राखाडी व्हॅले चावी, म्हणजे पार्किंगवाल्याच्या हाती द्यायची. नवीन जोडायची तर मास्टरच हवी. फियाटची लाल मास्टर चावी आठवते का कुणाला? ती हरवली की मालक रडत यायचे.

त्याच्याही आधी, १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये चावीच्या पात्यावर एक काळा ठिपका असायचा, आत रोधक (रेझिस्टर), आणि त्याची किंमत जुळली तरच गाडी सुरू. किमती फक्त १५. पंधरा चाव्या खिशात ठेवल्या की झालं. तिथून इथवर आलोय.

पण खरं दुखणं नंबरही नाही आणि चिपही नाही. मालकाच्या गाडीचा पिन मालकाला मिळत नाही आणि मालकानं निवडलेल्या कारागिरालाही सहजी मिळत नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी चालती जीप चेरोकी दुरून ताब्यात घेऊन दाखवली, १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर २०१८ पासून त्या कंपनीच्या गाड्यांत ओबीडी पोर्टच्या आड एक इलेक्ट्रॉनिक फाटक आलं, कंपनीच्या परवानगीशिवाय यंत्राला आत न सोडणारं. कारण सुरक्षा. परिणाम काय? माझं यंत्र बाहेर उभं.

जुनी_गाडी
काका, हात द्या! मी सेकंडहँड गाडी घेतली, एका चावीवर. विकणारा म्हणाला दुसरी हरवली. मी म्हटलं करून घेऊ, त्यात काय. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेले तर म्हणे पहिल्या मालकाकडून दुसरी चावी आणा. अहो, ती हरवली म्हणूनच आले ना! मग म्हणे सबंध इमोबिलायझर मॉड्यूल, म्हणजे चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी ती यंत्रणाच, बदलावं लागेल. गाडीची कागदपत्रं माझ्या नावावर, ओळखपत्र हातात, नंबर समोर. तरी ‘सिस्टिम परवानगी देत नाही’. शेवटी एका बाहेरच्या माणसानं गाडीपाशी उभं राहून चहा निवायच्या आत चावी जोडून दिली. मग ती सिस्टिम कुणाला अडवत होती?

तर्कटपंडित
तुम्हाला अडवत होती, आणि अडवलंच पाहिजे होतं. त्या बाहेरच्या माणसानं तुम्हाला चावी दिली तशीच तो चोरालाही देईल.

जरा इमोबिलायझरनं काय केलं ते बघा. युरोपीय संघानं १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा केला. नेदरलँड्समधल्या १९९५ ते २००८ च्या आकड्यांवर दोन अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, त्यात या यंत्रामुळे गाडीचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं निघालं. आणि उलट उदाहरण: अमेरिकेत सक्ती नाही. तिथे किया आणि ह्युंदाईच्या २०११ ते २०२२ मधल्या कित्येक मॉडेलमध्ये तो बसवलाच नव्हता. त्या गाड्या कशा चोरायच्या याचे व्हिडिओ पसरले आणि चोऱ्यांचा पूर आला. शेजारच्या कॅनडात २००७ पासून सक्ती, तिथे हा तमाशा झाला नाही. कुलूप लोकांना काचतं म्हणून ते वाईट ठरत नाही.

किल्लीकाका
कुलूप नको असं मी कुठे लिहिलंय? दाखवा ती ओळ. चिप हवीच. मी म्हणतोय कुलपाची चावी मालकाला द्या.

आणि ‘तो चोरालाही देईल’ हे कुणाबद्दल बोलताय? माझ्याकडे येणाऱ्याचं ओळखपत्र आणि गाडीची मालकी बघितल्याशिवाय मी यंत्र बाहेर काढत नाही. अमेरिकेत कुलूपवाल्यांसाठी नोंदणीची व्यवस्था आहे: पार्श्वभूमी तपासून नोंद होते, मग नंबर देऊन चावीचा कोड मागता येतो आणि कुणी कुठल्या गाडीचा मागितला याची नोंद राहते. युरोपातही तशीच सोय आणली आहे. म्हणजे चोर वेगळा आणि कारागीर वेगळा काढता येतो. करायची इच्छा नाही, कारण डुप्लिकेट चावीत मलई आहे.

तर्कटपंडित
वैयक्तिक घेऊ नका. पण पिन जितक्या हातांत, तितकी गळती. वज्रमूठ यांचा जीपचा किस्सा नेमका हेच सांगतो. त्यांनी त्यातून पट्टी काढली हा भाग निराळा.

वज्रमूठ
माझी पट्टी सगळ्यांना फारच झोंबलेली दिसते.

किल्लीकाका
वैयक्तिक तुम्ही केलंत, पंडित. आता गुप्ततेचंच घ्या. एका प्रचलित चिपचं गुपित फक्त ४० बिटांचं होतं, २००५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी फोडलं. मेगामोस नावाची दुसरी चिप, ९६ बिटांची. तिच्यातल्या उणिवांवरचा शोधनिबंध २०१३ मध्ये फोक्सवॅगननं इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून अडवला, तो बाहेर यायला २०१५ उजाडलं. गंमत अशी की संशोधकांनी त्या चिपची आतली रीत नेटवर मिळणाऱ्या एका चावी-प्रोग्रामरच्या सॉफ्टवेअरमधून काढली होती. म्हणजे ज्याला शोधायचं त्याच्यासाठी दार उघडं, आणि अंधारात कोण? मालक. झाकून ठेवल्यानं कुलूप मजबूत झालं असतं तर ही वेळच आली नसती.

रात्रपाळी
बटणवाल्या, म्हणजे चावी खिशातच ठेवून बटण दाबून सुरू होणाऱ्या, गाड्यांचं कुणी बोलतच नाहीये. तुम्ही पिन-पिन करत बसा, तिकडे चोराला चावी जोडायचीच गरज नाही. एकजण दाराबाहेर अँटेना घेऊन उभा, दुसरा गाडीपाशी, आणि दोघं मिळून गाडी-चावीतलं बोलणं इकडून तिकडे पोचवतात. तुमची चावी आत खुंटीला आणि गाडीला वाटतं मालक शेजारीच आला. झ्युरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा मॉडेलवर हे करून दाखवलं आणि दहाही उघडली. गुपित फोडलंच नाही, फक्त लांबवलं! माझ्या भावाची गाडी अशीच गेली. दोन्ही चाव्या घरात, काच फुटलेली नाही, आणि विमावाले त्यालाच विचारतात, चावी कुणाला दिली होती? बटण काढा, चावी फिरवायची ठेवा, हे मी ओरडून सांगतोय.

सर्किटराव
भावाचं वाईट वाटलं. पण प्रश्न चावी जोडण्याचा आणि नंबरचा होता. आणि बटण काढायचं कारण नाही: स्थिर पडून राहिले की झोपी जाणारे फोब (बटणवाल्या गाडीच्या रिमोट चाव्या) आले आहेत, अंतर मोजणारी अल्ट्रावाइडबँडवाली पद्धतही आली आहे.

रात्रपाळी
नव्या, महागड्या गाड्यांत आली आहे. बाकीच्यांनी काय करायचं ते नाही लिहिलंत.

तर्कटपंडित
काका, एवढं मान्य: ओळख तपासून, नोंद ठेवून पिन दिला तर माझी हरकत नाही. पण जुनी_गाडी यांच्या त्या ‘बाहेरच्या माणसानं’ काही तपासलं होतं का, हे त्यांनी सोयीस्करपणे सांगितलेलं नाही.

जुनी_गाडी
सोयीस्करपणे? माझी कागदपत्रं त्यानं सर्व्हिस सेंटरपेक्षा जास्त वेळ वाचली. तुम्हाला प्रत्येक सेकंडहँड गाडीवाला चोरच दिसतो का?

किल्लीकाका, यांचं सोडा. पहिल्या मालकाची ती ‘हरवलेली’ चावी अजून माझी गाडी सुरू करत असेल का?

किल्लीकाका
करत असेल. नवी चावी जोडली म्हणून जुनी आपोआप बाद होत नाही. यंत्र लावलं की गाडीला किती चाव्या ठाऊक आहेत हा आकडा बऱ्याच गाड्यांत दिसतो. सगळ्या पुसायच्या आणि हातात आहेत तेवढ्याच पुन्हा जोडायच्या, म्हणजे ती चावी गाडी सुरू करणार नाही. दार मात्र तिच्या पात्यानं उघडत राहील. तेही नको असेल तर कुलूप बदलावं लागेल. चावी जोडून देणाऱ्यानं हे तेव्हाच करायला हवं होतं. गाडी सेकंडहँड आहे हे त्याला सांगितलं होतं का?

जुनी_गाडी
नाही, त्यानं विचारलंही नाही. उद्याच आकडा बघायला लावते. दोनापेक्षा जास्त निघाला तर विकणाऱ्याचा फोन नंबर अजून आहे माझ्याकडे.

तर्कटपंडित
कागदपत्रं जास्त वेळ वाचली म्हणे. बरं.