सांगलीत परत आलोय, वर्षभर गाणं आणि कॉमेडी कुठं कुठं मिळंल?

परतीचा_सांगलीकर

नमस्कार मंडळी. आठ वर्षं पुण्यात काढली, वडिलांच्या तब्येतीमुळं मे महिन्यात सगळं आवरून सांगलीला आलोय, काम घरूनच चालू आहे. पुण्यात सवय अशी लागलेली की आठवड्याला एखादा ओपन माइक (कुणीही नाव देऊन पाच मिनिटं सादर करायचं), मधूनअधून एखादी मैफल, डिसेंबरला सवाई गंधर्व महोत्सव, आणि मी स्वतः पण दोन वर्षं झाली स्टँडअप करतोय, म्हणजे पाच-सात मिनिटांचं, अजून शिकतोयच. इथं तिकिटाच्या ॲपवर सांगली टाकलं की दोन सिनेमे आणि कोल्हापूरचा एखादा शो, बास. पण हे गाव नाट्यपंढरी म्हणवतं, इथं काहीच होत नाही हे मला पटत नाही, मलाच कळत नसणार. तर वर्षभरात कुठल्या महिन्यात काय असतं ते कुणी सांगाल का? आईला नाट्यसंगीत लय आवडतं, तिला घेऊन जायचंय, गुडघे दुखतात तिचे त्यामुळं जिना कमी असलेलं बघा. आणि कॉमेडी करणारी पोरं इथं कुणी आहेत का?

गावभागातली_काकू

बाळा, ॲपवर नाही रे सापडायचं. सांगलीतले कार्यक्रम फ्लेक्सवर असतात, पेपरात आतल्या पानावर चार ओळींत असतात, आणि आता व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. एकदा दोन-तीन ग्रुपात शिरलास की मग कुठला सोडू असं होतं.

माझं वर्ष ५ नोव्हेंबरला चालू होतं. १८४३ ला ह्याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी इथं सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांसमोर सीतास्वयंवर केलं, म्हणून तो रंगभूमी दिन. हे शाळेत सगळ्यांना पाठ असतं पण त्या खेळात व्हायचं काय हे फारसं कुणी सांगत नाही. त्यात पात्रांना लिहून दिलेली भाषणं नसायची. पदं सगळी सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्या प्रसंगाला सुचेल तसं बोलायची. आणि सुरुवातीलाच अंगाला झाडपाला बांधून विदूषक यायचा, सूत्रधाराची आणि त्याची खेचाखेची चालायची, लोक हसून हसून मोकळे झाले की मग गणपती, सरस्वती. म्हणजे तू जे पुण्यात माइक धरून करत होतास ते ह्या गावात नाटकाच्या पहिल्या मिनिटापासून आहे, गाण्याला चिकटूनच आहे, त्यामुळं तू परक्या ठिकाणी आलायस असं मनात आणू नकोस.

त्या दिवशी भावे गौरवपदक देतात, जरूर जा. मग नोव्हेंबर-डिसेंबरात राज्य नाट्य स्पर्धेची सांगली केंद्राची प्राथमिक फेरी, हौशी ग्रुप, रोज एक नाटक, तिकीट चहा-भजीच्या पैशात. मी गेली कितीतरी वर्षं जवळपास रोज जाते. मागं एकदा एका ग्रुपच्या प्रयोगात ऐन पदाच्या मध्यात लाइट गेली, ती पोरगी थांबली नाही, पेटीवाल्यानं अंधारात सूर धरून ठेवला, आणि लाइट आली तेव्हा ती अंतऱ्यावर होती आणि हातवारे पण जसेच्या तसे चालू होते. मला अजून आठवलं की काटा येतो. तिला बक्षीस नाही मिळालं, मिळायला हवं होतं असं माझं आजही मत आहे.

दिवाळीत पहाटेचे कार्यक्रम असतात, आईला तिथं ने, बहुतेक मोकळ्या मैदानात असतात, जिना नाही, शाल मात्र घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये कशाचं प्लॅनिंग करू नकोस, तेव्हा सगळ्या गावाचा डोळा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं ह्यावर असतो, पाणी वाढलं की कार्यक्रम आपोआप रद्द. २०१९ ला आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा सामान माडीवर नेता नेता माझी पेटी खालीच राहिली, भाता कुजला, पट्ट्या फुगून वर आल्या. दुरुस्त झाली पण मंद्रातला पंचम अजून जरा खरखरतो.

मिरज_तंतुवाद्यवाला

काकूंनी सांगली सांगितली, मी मिरजेचं सांगतो, दहा किलोमीटरवर आहे आणि गाण्याचं म्हणाल तर खरं घर इकडंच. पुण्यात ज्यांच्या नावानं सवाई होतो त्या सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब, ते मिरजेत राहिले, १९३७ ला गेल्यावर त्यांना मीरासाहेब दर्ग्यातच दफन केलं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा असते. उरुसाची तारीख चांदावर असते, दरवर्षी सरकते, त्यामुळं कॅलेंडरात एकदाच लिहून चालत नाही, दरवर्षी विचारावं लागतं. आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव. दोन्हीकडं ऐकायला पैसे लागत नाहीत आणि लोक नुसते बसलेले नसतात, ऐकत असतात, तान चुकीच्या जागी आली की मागच्या रांगेतला भाजीवाला पण मान वर करतो.

आईला एकदा दिवसाउजेडी सतारमेकर गल्लीत घेऊन या. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरची लोकं बघायला यायला लागली, चांगलंय. पण बघायचं असेल तर जवारी काढताना, म्हणजे तारेचा आवाज जुळवताना बघा. घोडीवर तार टेकते तिथली जागा कानशीनं एवढी एवढी घासायची, की डोळ्याला फरक दिसत नाही, परत तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, परत उतरवायची. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तो एका जागी आला की तार बोलायला लागते, नुसता टण् आवाज होता तो एकदम भरून येतो. माझ्या वडिलांचा अख्खा दिवस एका तंबोऱ्यावर जातो कधी कधी. गाणारा कुठल्या पट्टीत गातो, काळी चार की पांढरी दोन, ते विचारल्याशिवाय ते कानस हातात घेत नाहीत.

कवलापूरचा_पाव्हणा

कॉमेडी विचारताय आणि तमाशातल्या काळू-बाळूंचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितोय. सांगलीजवळच आमचं गाव. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ, दिसायला इतके सारखे की वगात दोघं हवालदार म्हणून आले की कोण कुठला हे गावच्या माणसाला पण कळायचं नाही, आणि त्यातनंच निम्मा हशा. आमचे आजोबा सांगायचे, ह्यांचा खेळ असला की बैलगाड्या जुंपून लोकं यायची. मी लहानपणी शेवटी शेवटी बघितलाय, अर्थ किती कळला माहीत नाही पण पाच-सहा हजार माणूस एकदम हसल्यावर जो आवाज येतो तो पोटात जाणवतो, तो विसरत नाही.

दसऱ्यापासनं तमाशाचे फड बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, तेव्हा बघा. गण झाला, गवळण झाली, मावशी आली की नीट लक्ष द्या. मावशीचं काम करणारा पुढच्या रांगेतला माणूस कसा धरतो, त्याच्या फेट्यावरनं, त्याच्या बसण्यावरनं कसं काढतो, आणि त्याला न दुखवता कसा सोडतो. तुमच्या भाषेत ते क्राउड वर्क. बतावणीत कालच्या बाजारातला हळदीचा दर पण येतो. आता फड कमी झालेत, यात्रेत ऑर्केस्ट्रा आणि डॉल्बी आलाय, खेळ रात्री दहाला बंद करायला लागतो म्हणून वग अर्धा राहतो, ह्याचं लय वाईट वाटतं. म्हणून म्हणतो ह्याच वर्षी बघून घ्या.

माइक_चालू_आहे

भावा आम्ही आहोत! सात-आठ जण, त्यात एक नर्सिंगची पोरगी आहे तिचं मटेरियल आमच्यात सगळ्यात भारी. दीड वर्षं झालं. आधी विश्रामबागेतल्या एका कॅफेत करत होतो, दर दुसऱ्या शुक्रवारी, मालकानं आधी स्वतःहून बोलावलं, मग गर्दी व्हायला लागल्यावर प्रत्येक येणाऱ्यानं दोनशेचं बिल करायचं अशी अट घातली, आणि एका शुक्रवारी आम्ही स्पीकर घेऊन दारात पोचलो तर आत वाढदिवसाची पार्टी, फोन उचलेना. वीस-बावीस लोकं रस्त्यावर उभी. वाईट ह्याचं वाटलं की त्यात जयसिंगपूरवरनं पहिल्यांदा आलेलं एक पोरगं होतं, महिनाभर तयारी करून, ते तसंच बस धरून परत गेलं. परत आलं नाही अजून.

आता आम्ही एका मित्राच्या टेरेसवर करतो, महिन्यातनं दोनदा शनिवारी, सतरंज्या, एक बल्ब, भडंगाची टोपली, लोकं पंचवीस ते चाळीस. आधी एक जण गिटार किंवा कधी पेटीवर दोन गाणी म्हणतो, मग कॉमेडी, मग परत गाणं. नुसती कॉमेडी ठेवली तर घरची मंडळी येत नाहीत, गाणं आहे म्हटल्यावर आत्या-मावश्या येतात आणि मग कॉमेडीला पण बसतात.

एक सांगतो, पुण्याचं मटेरियल जसंच्या तसं आणू नकोस. ट्रॅफिक, फ्लॅटमेट, आयटीतला मॅनेजर, हे इथं कुणाचं रोजचं नाही. मी पण तेच करत होतो, लोकं सभ्यपणे गप्प बसायची. मग एकदा आमच्या वडिलांचं बोललो, पुराच्या वेळी दर तासाला आयर्विनवर जाऊन फूट बघून यायचं आणि घरी येऊन बातमीदारासारखं सांगायचं, आणि पहिल्यांदा अख्खी टेरेस हसली, कारण प्रत्येकाच्या घरात तो माणूस आहे. आणि आपल्या बोलीत बोल. न्हाई, व्हय, मर्दा, हे लपवायची काय गरज नाही, उलट शब्द तोंडात नीट बसतो आणि टायमिंग आपोआप येतं.

परतीचा_सांगलीकर

काय बोलू, एका प्रश्नात वर्ष भरलं. काकू, ५ नोव्हेंबरचं लिहून ठेवलं. दादा, काल आईला घेऊन सतारमेकर गल्लीत जाऊन आलो, तुम्ही कुठल्या दुकानात असता माहीत नव्हतं पण एकांनी खुर्ची दिली, दोरा सरकवून दाखवला, आणि तार बोलायला लागल्यावर आईनं तिथंच सा लावला. लग्नाआधी शिकत होती हे मला माहीत होतं, पण तिचा सा मी पहिल्यांदा ऐकला. पाव्हणं, तुमच्या गावची यात्रा कधी असते तेवढं कळवा. आणि माइकवाले भावा, ह्या शनिवारी नाव लिही माझं, पाच मिनिटं. टेरेसला जिना किती आहे?

माइक_चालू_आहे

दोन मजले आहे. पण तुझ्या आईला आणायचं असंल तर ह्या वेळी खाली पार्किंगमध्येच घेऊ, गाड्या बाहेर लावायला सांगतो, सगळे तयार आहेत. पेटी कुणाकडं चांगली आहे का तेवढं बघा, आमच्यातला पेटीवाला गावाला गेलाय.

गावभागातली_काकू

पंचम खरखरतो तो चालणार असंल तर माझी घेऊन येते. आईला कुठली पट्टी लागते ते विचारून ठेव.