डेस्कटॉपवर स्वॅप ठेवायचा की काढायचा?

खाडीकाठ (दापोली): माझं मत सरळ आहे. घरच्या-दुकानातल्या लिनक्स डेस्कटॉपला स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली तर डेटा ठेवायला डिस्कवर राखलेली जागा, नको. ‘रॅमच्या दुप्पट’ हा नियम रॅम एमबीत मोजायचे तेव्हाचा. २४० जीबीच्या एसएसडीतले १६ जीबी त्यासाठी अडकवायचे, वर लिहून लिहून एसएसडी झिजवायची! आंब्याच्या हंगामात बिलं, कुरिअर, व्हॉट्सअ‍ॅप वेब सगळं माझ्या ८ जीबी रॅमच्या लिनक्स मिंटवरच चालतं. एफएसटॅब या सेटिंगच्या फाइलमधली स्वॅपची ओळ खोडून टाकली. रॅम भरलीच तर एखादा प्रोग्रॅम मरेल, मशीन तरी रांगणार नाही.

सुरंगी: दादा, होतं ते नेमकं उलटं. स्वॅप नसला की पडून राहिलेल्या टॅबचा डेटा कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) कुठे हलवताच येत नाही. मग तो मेमरीच्या ज्या पानांची (तुकड्यांची) मूळ प्रत डिस्कवर आहे ती सोडतो, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा कोडच. तो लगेच पुन्हा लागतो, पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो. माउस जागचा हलत नाही आणि ओओएम किलरला (मेमरी संपली की प्रोग्रॅम मारणाऱ्या कर्नेलच्या भागाला) मात्र बराच वेळ जाग येत नाही. आल्यावर तो सहसा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला उडवतो, मग त्यात तुमची बिलं उघडी असोत की नसोत. पाऊस सरला की इरली माळ्यावर जातात. माळाच काढलात तर रोजची भांडी अंगणात येणार.

बंदरावरचा: ताई, हे एसएसडीवाल्यांना ठीक. माझ्याकडे फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आहे, तिथे स्वॅप म्हणजे शिक्षा. झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच केलेला स्वॅप, लावा की! पानं दाबून रॅममध्येच राहतात, डिस्कला हात लागत नाही. फेडोरा लिनक्सने २०२० मध्ये, आवृत्ती ३३ पासून, तेच मूळ सेटिंग केलं.

मालवणी हिसको: पण झेडरॅमात हायबरनेट (उघडा काम डिस्कवर लिवन मशीन बंद करणा) जमणा नाय! पावसात हयसर लाईट गेली काय कधी येतली ता सांगता येणा नाय. यूपीएस टिकता तेवढ्यात मशीन झोपवूक डिस्कवर स्वॅप व्हयोच, आणि निर्धास्त ऱ्हवाचा तर रॅमएवढो. फाइल वापरलास तर बूटच्या ओळीत रिझ्यूम ऑफसेट (फाइल डिस्कवर खय सुरू होता तो आकडो) घालूक विसरा नको.

खाडीकाठ: यूपीएसवर फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला वेळ मिळतो, मला तेवढं पुरे. एसएसडीच्या झिजेचं कोणीच बोललं नाही.

सुरंगी: बोलते. व्हीएमस्टॅट ही आज्ञा दर सेकंदाला चालवा आणि एसआय (स्वॅपमधून आत), एसओ (स्वॅपकडे बाहेर) हे दोन रकाने बघा. स्वॅपमध्ये १ जीबी भरलेला असूनही ते शून्याजवळ असतील, तर स्वॅपपायी डिस्कवर लिखाण होतच नाहीये. तासन् तास हलत असतील तर रॅम वाढवा. आणि कर्नेलचं स्वॅपीनेस हे सेटिंग ६० वरून १० करा हा सल्ला सगळीकडे फिरतो, त्याला माझा विरोध आहे. ‘रॅम इतके टक्के भरली की स्वॅप सुरू’ असा त्याचा अर्थ नाही. फाइल कॅश आधी सोडायची की प्रोग्रॅमचा डेटा बाहेर काढायचा, एवढा कल तो ठरवतो. झेडरॅमला तर तो १०० च्या वर न्यावा, कर्नेल ५.८ पासून २०० पर्यंत जातो.

बंदरावरचा: मग दोन्ही ठेवा. झेडरॅमला प्राधान्य जास्त, डिस्कवरच्या फाइलला कमी.

खाडीकाठ: २ जीबीची फाइल करतो, त्यावर नाही. हायबरनेट तुम्हाला लखलाभ.

मालवणी हिसको: जूनात बोलया.