पेसमेकर माझा की यंत्राचा? तुमचे अनुभव लिहा

वडिलांना पेसमेकर बसवून तीन वर्षं झाली. सदरा काढला की गळ्याच्या हाडाखाली चपटा उंचवटा दिसतो. जन्मभर "निसर्गाविरुद्ध जाऊ नये" म्हणणारा हा माणूस. परवा विचारलं, "मग हे काय?" उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा आता माझाच आहे." तेव्हापासून डोक्यात भुंगा. तंत्रज्ञान निसर्गातलंच की त्याच्या बाहेरचं? ग्रंथांचे दाखले चालतील, पण सोबत स्वतःवर बेतलेलं काहीतरी हवं.

०००

मी सुतारकाम करतो. ॲरिस्टॉटलने दिलेला एक दाखला माझ्या धंद्यातलाच निघाला : पलंग जमिनीत पुरला आणि कुजताना त्याला कोंब फुटला, तर उगवेल ते लाकूड, पलंग नव्हे. म्हणजे पलंगपण वरून लादलेलं. पटतं, पण अर्धंच. रेषेच्या उलट रंधा मारून बघा, चिरफळ्या निघतात. दमट हवेत मी केलेलं दार फुगून चौकटीत अडकतं, मग पुन्हा तासायला मलाच बोलावतात. दार झालं तरी लाकडाचं लाकूडपण सुटत नाही. नुसतं लादून आजवर एक फळी माझ्याकडून सरळ झालेली नाही.

०००

धरणावर अभियंता होतो. बीव्हर नावाच्या प्राण्याने ओढ्यावर बांध घातला की तो निसर्ग, आम्ही घातला की प्रकल्प. बरीच वर्षं हा युक्तिवाद मी ऐटीत करायचो. मग बुडणाऱ्या घरांची मोजणी वाट्याला आली. बीव्हरकडे पुनर्वसनाची फाइल नसते.

०००

माझी मुलगी आयव्हीएफची, म्हणजे गर्भ शरीराबाहेर, प्रयोगशाळेत तयार झालेला. अशा पद्धतीने जगात पहिलं मूल जन्मलं 1978 साली, आणि 1987 मध्ये कॅथलिक चर्चने या मार्गाला लेखी नकार दिला : गर्भधारणा पतिपत्नीच्या मीलनापासून तोडू नये. मी त्याच धर्माची, म्हणून जास्त झोंबलं. नात्यातल्या एका बाईंनी "देवाच्या कामात ढवळाढवळ" असं तोंडावर सुनावलं, तेही नाकावरचा चष्मा सावरत! मुलगी आता दहा वर्षांची आहे. परवा तिचे दोन दुधाचे दात एकाच आठवड्यात पडले. ते कुणी प्रयोगशाळेत ठरवलं नव्हतं.

०००

फोन सुटत नाही तेव्हा मला गीतेचा तिसरा अध्याय हमखास आठवतो : "प्रकृतिं यान्ति भूतानि निग्रहः किं करिष्यति". प्राणी आपापल्या प्रकृतीवर जातात, तिथे निग्रह काय करणार? फार सोयीचं आहे. बायकोने पुढचाच श्लोक काढून दाखवला. रागद्वेषांच्या ताब्यात जाऊ नये, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. फोन तेव्हाही हातातच होता.

०००

पदार्थविज्ञान शिकवते. गॅबॉनमधल्या ओक्लो इथे सुमारे 2 अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात, अणुभट्टीत चालते तशी अणुभंजनाची साखळी माणसाशिवाय चालली होती. 1972 मध्ये त्याचा छडा लागला. वर्गात हे सांगितलं तर मागच्या बाकावरून प्रश्न : "मग त्या कचऱ्याला कोण जबाबदार?" तास तिथेच संपला, हे माझं नशीब.

०००

सगळं वडिलांना वाचून दाखवलं. सुतारदादांवर खूश आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, बॅटरी संपत आली की आतली डबीच बदलायची. ते म्हणाले, "नवी बसली की लगेच विचारू नकोस. थोडे दिवस जाऊ दे."