मदत हवी आहे : मागचा एसी गार होत नाही, पुढचा चोख

गाडी सात सीटर डिझेल, मागच्या रांगांसाठी छतात वेगळा इव्हॅपोरेटर (हवा गार करणारी कॉइल) आणि वेगळा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा). गॅस आर-१३४ए. पुढे ९ अंशांची हवा, मागे २६च्या खाली उतरत नाही. जळगावच्या मे महिन्यात हे म्हणजे नुसता पंखाच!

सकाळी सावलीत, ३५ अंशांना, १५०० आरपीएमवर प्रेशर : लो ३५, हाय २२५ पीएसआय. म्हणजे गॅस पुरेसा आहे, म्हणून ‘गॅस भरून बघा’ हा सल्ला नको. मागचा ब्लोअर चारही स्पीडला जोरात चालतो, कॉइल धुतली, यूव्ही डायने (गळतीच्या जागी चमकणारा रंग) गळती दिसली नाही. या गाडीत मागच्या लाइनला सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) नाही. गॅस आणणारा बारीक पाइप एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत कोमट, परत नेणारा जाड पाइप मात्र गार पडतच नाही, बर्फही धरत नाही. माझा संशय एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकल्याचा.

गेज आणि व्हॅक्यूम पंप घरी आहे, गॅस काढून साठवणारं रिकव्हरी मशीन नाही. गॅस भुसावळला काढून घेणार, त्यामुळे सिस्टिम एकदाच उघडायची आहे. ओ-रिंग आणि ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) बदलणारच.

व्हॉल्व्हची जाळी कचऱ्याने चोक निघाली तर फक्त मागची लाइन फ्लश करून (आतून धुऊन) भागेल, की गॅस थंड करणारा कंडेन्सरही उघडावा लागेल? आणि मागची लाइन व कॉइल फ्लश केल्यावर कॉम्प्रेसरचं पीएजी ऑइल किती मिली परत घालायचं?