घरच्या ग्रुपवरील चर्चा : रोज घालण्याजोगे साधे घड्याळ

मी : नव्या कामाच्या ठिकाणी रोज पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा लागतो आणि सध्याचे जाडजूड घड्याळ दर वेळी कफमध्ये अडकते. साधे, सपाट, खिशाला परवडणारे आणि कोणाच्या डोळ्यांत न भरणारे घड्याळ घ्यायचे आहे. मामा, मावशी, काय पाहून निवडावे ते तुम्ही दोघांनी सांगावे.

मामा : मला विचारशील तर ऑटोमॅटिकच घे. मनगटाच्या हालचालीने आतले अर्धगोल वजन फिरते, त्याने स्प्रिंग गुंडाळली जाते, सेल बदलण्याची कटकट राहत नाही आणि सेकंदकाटा उड्या न मारता सरकत जातो. ओरिएंट कंपनीची बॅम्बिनो मालिका याच प्रकारातली आहे. आता ती 38 मिमी व्यासातही मिळते.

मावशी : दादा, सरकत्या काट्यावरचे तुझे प्रेम मला ठाऊक आहे, पण भाच्याची तक्रार कफची आहे आणि तू त्याला पुन्हा जाड घड्याळच सुचवतो आहेस. परवडणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळांत फार वापरले जाणारे सीको कंपनीचे एनएच 35 हे यंत्रच 5.32 मिमी जाडीचे असते. त्यावर तबकडी, काटे, काच आणि खाली झाकण आले की घड्याळ सहज अकरा-बारा मिमीपर्यंत जाते. क्वार्ट्झचे, म्हणजे सेलवर चालणारे, यंत्र पातळ असल्यामुळे सात-आठ मिमीचे घड्याळ मिळणे अवघड नाही. शिवाय त्याच एनएच 35 साठी दिवसाला उणे 20 ते अधिक 40 सेकंद इतका फरक कंपनीच ग्राह्य धरते, तर साध्या क्वार्ट्झमध्ये एवढा फरक साधारणपणे महिन्याभरात पडतो. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेले ऑटोमॅटिक रविवारी दुपारच्या सुमारास थांबते, कारण अशा यंत्राच्या स्प्रिंगमधली साठवण सुमारे 41 तासांची असते, आणि मग सोमवारी सकाळी घाईत वेळ आणि तारीख लावत बसावे लागते.

मामा : सोमवार सकाळचा मुद्दा मान्य आहे. तरीही सेलवरच्या घड्याळात जीव नसतो, हे माझे मत कायम आहे.

मावशी : जीव नसेल, पण बुद्धी आहे. आतला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि आतले इलेक्ट्रॉनिक मंडल (सर्किट) ती संख्या पंधरा वेळा निम्मी करून बरोबर सेकंदाला एक ठोका काढते. सीकोने 25 डिसेंबर 1969 रोजी ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले तेव्हा त्याची किंमत लहान मोटारीइतकी होती. आज तेच तंत्र सर्वांत स्वस्त घड्याळात असते, म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

ताई : मला एवढेच सुचवायचे आहे की व्यासाच्या आकड्यावर विसंबू नकोस. पट्टा जिथे जोडला जातो त्या दोन्ही बाजूंच्या शिंगांच्या टोकांमधले अंतर मोज. ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेले तर घड्याळ उसने घेतल्यासारखे दिसते. मी स्वतः पुरुषांचे म्हणून विकले जाणारे 34 मिमीचे घड्याळ वापरते आणि ते मला अगदी नेमके बसते.

मी : ताई, माझे मनगट बारीकच आहे, त्यामुळे 36 च्या आसपास पाहतो. मावशी, काच कोणती घ्यावी? सफायर, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची काच, असलेल्या घड्याळांची किंमत लगेच वर जाते.

मावशी : रोजच्या वापरात पैसे घालायचेच असतील तर ते काचेत घालावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण भिंत, दाराची कडी, टेबलाची कड या सगळ्यांचा मार तीच खाते. पदार्थाचा कठीणपणा 1 ते 10 अशा अंकांत सांगणाऱ्या मोह्सच्या श्रेणीत सफायर 9 वर आहे आणि साधी खनिज काच त्याच्या बरीच खाली, त्यामुळे सफायरवर सहसा चरा उठत नाही. मात्र जोरात आपटल्यास तीही फुटते. ॲक्रिलिकला, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या काचेला, चरे लवकर पडतात, पण ते घासून घालवता येतात, म्हणून पैसे कमी असतील तर मला मधल्या खनिज काचेपेक्षा ॲक्रिलिक अधिक प्रामाणिक वाटते. केस, म्हणजे यंत्राभोवतीचे कवच, मात्र पूर्ण स्टीलचीच बघ. पितळेवर मुलामा दिलेली केस घामाने कडेकडेने उघडी पडते, आणि वर्णनात फक्त मागचे झाकण स्टीलचे लिहिलेले असेल तर बाकीचे काय असेल ते ओळखावे. झाकणावर पाणीरोधकतेपुढे लिहिलेले 30 मीटर म्हणजे पोहण्याची मुभा नव्हे. हात धुताना उडणारे पाणी किंवा पावसाचे थेंब एवढेच त्याने सोसावे, अशी अपेक्षा ठेव.

मी : दोन घड्याळे डोळ्यांसमोर आहेत. दोन्ही पांढऱ्या तबकडीची आणि क्वार्ट्झची आहेत. एकाला सेकंदकाटा आहे, दुसऱ्याला फक्त दोन काटे आहेत.

मामा : मग दोन काट्यांचेच घे. स्वस्त क्वार्ट्झमध्ये सेकंदकाटा पुष्कळदा खुणेवर न पडता तिच्या शेजारी पडतो, आणि एकदा ते लक्षात आले की तेवढेच दिसत राहते. माझ्यासारख्याला तर फारच त्रास होतो.

मावशी : या बाबतीत दादाशी मी सहमत आहे, फक्त एक सोय हातची जाते. बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांची उडी घेऊन पूर्वसूचना देतो. दोन काट्यांच्या घड्याळात ती मिळत नाही, ते एके दिवशी नुसते थांबते. म्हणून सेल बदलल्याची तारीख कुठेतरी लिहून ठेव, आणि थांबलेल्या घड्याळात संपलेला सेल महिनोन्‌महिने राहू देऊ नकोस, तो झिरपला तर यंत्रच खराब होते. प्रकाशावर चालणारे सिटिझनचे इको-ड्राइव्ह बजेटमध्ये आणि याच जाडीत मिळाले तर हा प्रश्न बराचसा मिटतो, पण ते कपाटात अंधारात ठेवायचे नाही.

ताई : तबकडी पांढरी आणि काटे चकचकीत चंदेरी असतील तर मंद प्रकाशात वेळ दिसत नाही, तेवढे मात्र प्रत्यक्ष हातात घेऊन बघ.

मी : दोन काट्यांच्या घड्याळाचे काटे काळे आहेत, त्यामुळे तेच घेतो. त्याच्यासोबत येणारा चामड्याचा पट्टा फारच कडक वाटतो आहे.

मावशी : तो बदलता येतो. शिंगांमधली रुंदी 18 किंवा 20 मिमी आहे ना, ते आधी मोजून घे. 19 असेल तर पट्टे शोधताना नाकीनऊ येतात. दोन पट्टे आलटून पालटून वापरलेस तर घामाने भिजलेले चामडे वाळायला वेळ मिळतो.

मी : 18 आहे, मोजले.